'ला एन' : वसाहत, पॅरिस आणि चुकलेली शेवटची गाडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या छोट्या फिल्म क्लबात १९९५ सालचा हा फ्रेंच चित्रपट आजवर चार-पाच वेळा तरी दाखवून झाला. दिवे लागले की दर वेळी तेच हात वर होतात. गाय कशाला होती? तो संडासातला म्हातारा कोण? शेवटी गोळी कुणाला लागली? तीच उत्तरं दर वेळी नव्याने देण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेली बरी. खाली शेवटासकट सगळं सांगितलेलं आहे, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या. जेमतेम ९८ मिनिटांचा आहे.

नाव नेमकं कसं उच्चारायचं?

'ला एन'. फ्रेंचमध्ये 'ह' लिहितात पण म्हणत नाहीत. अर्थ द्वेष. तरी चित्रपटाचा सूर द्वेषापेक्षा कंटाळ्याचा जास्त आहे. दिवसभर करायला काही नसलेली तीन पोरं, व्हिंझ, यूबेर आणि सईद, इकडून तिकडे फिरतात, एकमेकांना शिव्या घालतात, सिगारेटी मागतात. द्वेष हा शब्द यूबेरच्या तोंडी येतो, तोसुद्धा व्हिंझला आवरताना: द्वेषातून द्वेषच निघतो, शाळेत शिकलास ना?

चित्रीकरण चालू असताना चित्रपटाचं नाव वेगळं होतं, 'द्र्वा द सिते'. फ्रेंचमध्ये 'सिते' म्हणजे नगर आणि 'सिते' म्हणजे सरकारी चाळींची वसाहतही. त्यामुळे 'नागरिक म्हणून हक्क' आणि 'वसाहतीचा हक्क' असे दोन्ही अर्थ त्यात येतात. मला ते नाव जास्त आवडतं, पण पोस्टरवर ते चाललं नसतं हेही खरं.

थोडक्यात गोष्ट?

पॅरिसबाहेरच्या एका वसाहतीत आदल्या रात्री दंगल झालेली आहे. अब्देल नावाच्या तिथल्याच पोराला पोलिसांनी कोठडीत बेदम मारलं, तो बेशुद्ध आहे. दंगलीत एका पोलिसाचं रिव्हॉल्व्हर हरवलं आणि ते सापडलंय व्हिंझला. अब्देल मेला तर मी एक पोलीस मारणार, असं त्याचं म्हणणं. सईदला पॅरिसमध्ये कुणाकडून तरी पैसे वसूल करायचेत, म्हणून तिघे शहरात जातात. तिथे एकेक भानगड होत जाते, शेवटची गाडी चुकते, रात्र रस्त्यावर काढावी लागते. पहाटे परत येतात आणि मग जे व्हायचं ते होतं.

ही जागा खरी आहे की सेट?

खरी आहे, आणि या चित्रपटाबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. लोक चिन्हं शोधत बसतात, गाय, घड्याळ, फलक. पण या चित्रपटातलं सगळ्यात मोठं चिन्ह म्हणजे ज्या जमिनीवर ही पोरं उभी आहेत ती.

पॅरिसच्या वायव्येला सुमारे तीस किलोमीटरवर, इव्हलीन जिल्ह्यात, शाँतलू-ले-व्हीन्य नावाचं गाव आहे. नावातच द्राक्षमळे आहेत. जुनं गाव टेकडीच्या उतारावर. त्याच्या शेजारी सत्तरच्या दशकात 'ला नोए' ही वसाहत उभी राहिली, मुख्यतः जवळच्या प्वासीच्या मोटार कारखान्यातल्या कामगारांसाठी. त्या काळात त्या कारखान्यातून सिम्का गाड्या बाहेर पडत. हाताला माणसं हवी होती, फ्रान्सबाहेरूनही आणली, त्यांना राहायला घरं हवी होती. पुढे मोटारधंदा मंदावला, नोकऱ्या गेल्या, घरं तिथेच राहिली आणि त्यात जन्मलेली पोरंही. गिरणी बंद पडल्यावर चाळीत उरलेल्या माणसांची गोष्ट ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

वास्तुरचनाकार होते एमिल आयो. ते काही सिमेंटचे ठोकळे रचणारे गृहस्थ नव्हते. सरळ रेषांचा त्यांना तिटकारा. त्यांच्या वसाहतींमध्ये रस्ते वळतात, इमारती वाकतात, भिंतींना रंग असतात, मध्ये चौक सोडलेले असतात. माणसाला हरवायला जागा हवी, अशी काहीशी त्यांची कल्पना. चित्रपटात तेच वळणदार चौक दिसतात, पण पोरं त्यात हरवलेली नसतात, ठाण मांडून बसलेली असतात. आणि कृष्णधवल चित्रात आयोंचे रंग पार पुसले जातात.

कलाकार आणि तंत्रज्ञ चित्रीकरणाच्या आधीपासून काही महिने तिथेच मुक्कामाला होते. इतर अनेक नगरपालिकांनी परवानगी नाकारली होती. दंगलीचा चित्रपट आपल्या दारात कुणाला हवा असतो? पुढे त्या वसाहतीचं मोठं नूतनीकरण झालं, काही इमारती पाडल्या गेल्या. म्हणजे पडद्यावर दिसते ती जागा आज जशीच्या तशी सापडणार नाही.

'उपनगर' म्हणजे आपल्या पार्ले-बोरिवलीसारखंच ना?

नाही, आणि इथे आपली भाषाच आपल्याला फसवते. मराठी वाचक 'उपनगर' म्हटलं की लोकल, बँकेतली नोकरी, गणपतीचं मंडळ, सोसायटीची मीटिंग असं काही डोळ्यांसमोर आणतो. फ्रेंच शब्द आहे 'बाँलियू'. जुन्या काळी शहराचा हुकूम वेशीबाहेर एक कोसभर चालायचा, तो पट्टा म्हणजे बाँलियू. म्हणजे शहराची सत्ता तिथे चालते, पण तो भाग शहरात धरला जात नाही. पॅरिसभोवती श्रीमंत बाँलियूही आहेत, पण बातम्यांत हा शब्द आला की ऐकणाऱ्याला या वसाहतीच आठवतात.

घरांबद्दल बोलायचं तर जवळचा शब्द 'म्हाडा वसाहत' म्हणता येईल, फरक इतकाच की तिथली घरं भाड्याची असतात. आणि पॅरिस शहराभोवती पस्तीस किलोमीटरचा वर्तुळाकार द्रुतगती मार्ग आहे, १९७३ मध्ये पुरा झालेला. त्याच्या आत पॅरिस, बाहेर बाकी सगळं. आपल्याकडे शहर आणि झोपडपट्टी यांच्यात एक भिंत किंवा एक नाला असतो. तिथे मध्ये आठ पदरी रस्ता आणि अर्ध्या तासाचा रेल्वेप्रवास.

भिंतींवर ते भलेमोठे चेहरे कुणाचे आहेत?

कवींचे. रँबो, बोदलेअर. आयोंच्या मूळ रचनेचाच तो भाग होता; इमारतींच्या बिनखिडक्यांच्या भिंतींवर फ्रेंच कवींची चार-पाच मजली चित्रं. चित्रपटासाठी काढलेली नाहीत, हे सांगितलं की लोक चकित होतात.

आपल्या साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांच्या वाचकांना बोदलेअर आणि रँबो ही नावं घरची वाटतील. त्यांच्या फोटोकडे पाहून आपल्याकडे पोरांनी कविता लिहिल्या. आणि इथे ते प्रत्यक्ष उशाशी उभे आहेत तर पोरं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. कॅमेरासुद्धा मुद्दाम थांबत नाही. पाळण्यावर बसून गप्पा चालल्यात आणि मागे बोदलेअर. सरकारने पाठवलेली संस्कृती भिंतीला चिकटलेली आहे आणि खाली लिफ्ट बंद आहे, असं काहीतरी. रँबोने मात्र कविता सोडली तेव्हा तो या पोरांच्याच वयाचा होता, हे आपलं जाता जाता.

कृष्णधवल का? पैसे कमी होते म्हणून?

उलट आहे. चित्रीकरण रंगीत फिल्मवर झालं आणि नंतर कृष्णधवल प्रती काढल्या. १९९५ मध्ये तरुणांचा चित्रपट कृष्णधवल काढणं हा धोकाच होता, म्हणून गरज पडली तर रंगीत प्रत हाताशी असावी हा व्यवहार त्यामागे होता.

परिणाम दोन झाले. एक, सुरुवातीला येणारी दंगलींची खरी, बातम्यांमधली दृश्यं आणि नंतरची रचलेली गोष्ट यांच्यातला सांधा दिसेनासा झाला. दुसरा, टीव्हीवरच्या त्या नेहमीच्या 'जळत्या गाड्यांच्या' रंगीत बातमीपासून ही वसाहत सुटली. पिएर आइम यांचं छायाचित्रण इतकं स्वच्छ आहे की कधी कधी मला ते जरा जास्तच देखणं वाटतं. सिमेंट इतकं सुंदर दिसायला नको होतं, असं आमच्याकडच्या एका बाईंनी म्हटलं होतं. मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही.

पॅरिसला पोचल्यावर चित्रच बदलल्यासारखं वाटतं. भास आहे का?

भास नाही. दिग्दर्शक मात्यू कासोव्हित्झ यांनी हे ठरवून केलं.

वसाहतीत बहुतेक दृश्यं रुंद कोनाच्या भिंगाने घेतली आहेत. कॅमेरा रुळांवरून तरंगत पोरांमागे जातो, लांबलचक दृश्यं न तोडता चालतात. रुंद भिंगात पुढचा माणूस आणि मागची इमारत दोन्ही सारखीच स्पष्ट दिसतात. म्हणजे सईद आणि त्याच्या पाठीमागची भिंत यांना वेगळं काढता येत नाही. पॅरिसमध्ये भिंगं लांब झाली. माणूस स्पष्ट, मागचं सगळं धूसर. कॅमेरा हातात आला, थरथरायला लागला. आवाजही तसाच. वसाहतीत तो स्टिरिओ, चहूबाजूंनी येणारा. शहरात एकाच बाजूने, बारीक.

हा बदल कुठे होतो तेही बघा. तिघे पॅरिसमध्ये एका उंच कठड्याशी उभे राहतात, खाली शहर पसरलेलं. कॅमेरा मागे सरकतो आणि त्याच वेळी भिंग आत ओढतं. तिघे जागच्या जागी, आणि मागचं शहर मात्र अंगावर चाल करून आल्यासारखं जवळ येतं, येता येता पुसट होतं. पोटात खड्डा पडतो ना, तसं. एक शब्दही न बोलता सांगून झालं: इथे तुमचं मागे काही नाही.

वसाहतीला बकाल आणि पॅरिसला झगमगीत दाखवायची सोय होती. कासोव्हित्झ यांनी नेमकं उलटं केलं, आणि म्हणून मला हा चित्रपट अजूनही पुन्हा पाहावासा वाटतो. घरच्या सिमेंटमध्ये ही पोरं राजासारखी फिरतात. शहरात आल्यावर दाराची बेल कुठली दाबायची इथपासून अडतात.

'बाहेर कोंडलेले' हे वाक्य कुठे येतं?

गाडी चुकल्यावर सईद म्हणतो, आपण बाहेर कोंडले गेलोय. खालच्या पट्टीत इंग्रजीत ते पटकन निघून जातं. मला तो चित्रपटातला सगळ्यात नेमका संवाद वाटतो. कोंडायला भिंती लागतात, इथे तर सगळं शहर मोकळं आहे. रात्रीची शेवटची कर्जत चुकून ज्यांनी कधी स्टेशनच्या बाकड्यावर पहाटेच्या चारची वाट पाहिली असेल त्यांना ती चार तासांची हवा कळेल. फरक असा की आपल्याला कुणी 'तू इथे काय करतोयस' म्हणून हटकत नाही. किंवा कुणाकुणाला हटकतातही. ज्याचं त्याला माहीत.

मध्ये मध्ये घड्याळाची वेळ का दाखवतात?

१०:३८ ला सुरू होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे ६:०१ ला संपतं. साडेएकोणीस तासही नाहीत. सोबत टिकटिक. एखादा बाँब फुटायचा आहे असं वाटत राहतं, पण दोन वेळांच्या मध्ये बहुतेकदा काहीच घडत नाही. केस कापले जातात (आणि व्हिंझ सईदच्या डोक्याची वाट लावतो), गच्चीवर सॉसेज भाजली जातात, एक लहान मुलगा टीव्हीवरच्या छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमातला लांबलचक किस्सा सांगतो आणि तो कुठेच पोचत नाही. घड्याळ पळतंय आणि पोरांना वेळ जाता जात नाहीये. शेवटच्या ६:०० आणि ६:०१ मधलं एक मिनिट मात्र सगळ्या दिवसापेक्षा मोठं आहे.

पडणाऱ्या माणसाची गोष्ट कोण सांगतं?

यूबेर. पन्नासाव्या मजल्यावरून एक माणूस पडतो आणि प्रत्येक मजल्याशी स्वतःची समजूत घालतो: इथवर सगळं ठीक आहे. महत्त्वाचं पडणं नाही, जमिनीवर येणं. ही गोष्ट सुरुवातीला येते, मध्येही निघते आणि अगदी शेवटी पुन्हा येते. शेवटच्या वेळी शब्द बदललेला असतो, माणसाच्या जागी 'समाज' आलेला असतो. पुष्कळ जण हा बदल ऐकून घेत नाहीत, कारण तोवर कानात टिकटिक बसलेली असते.

सुरुवातीला त्या आवाजावर अवकाशातून दिसणारी पृथ्वी आहे आणि तिच्यावर एक पेटती बाटली येऊन पडते. हे जरा ढोबळ आहे. सत्ताविसाव्या वर्षी माणूस असं करतो.

बरं, आता गायीचं सांगा.

गाय! आपल्याकडे या दृश्याला कुणी दचकत नाही हीच पहिली अडचण. रस्त्यात गाय दिसणं ही आपल्याला बातमीच नाही. एका गृहस्थांनी तर खाली बसल्यावर शेजाऱ्याला विचारलं होतं, 'त्यात काय एवढं?' फ्रेंच वसाहतीच्या सिमेंटमध्ये गाय चालत येणं म्हणजे दादरच्या फलाटावर हत्ती.

ती फक्त व्हिंझला दिसते. दोस्त त्याला वेड्यात काढतात.

अर्थ लावणारे तीन प्रकारचे असतात. पहिल्यांचं म्हणणं, फ्रेंच बोलीत पोलिसांना 'वाश', म्हणजे गाय, म्हणायची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे, आणि 'गायींना मरण' ही पोलिसांविरुद्धची जुनी घोषणा. ज्याला पोलीस मारायचाय त्याच्याच समोर गाय येऊन उभी राहते. दुसऱ्यांचं म्हणणं, तिथे आधी शेतं होती, मळे होते, त्यांचं ते भूत आहे. तिसरे म्हणतात, पोराने ओढलंय, त्याला काहीही दिसेल.

माझं मत विचाराल तर पहिला अर्थ फ्रेंच कानाला आपोआप ऐकू येतो, त्यामुळे तो आहेच. पण त्यावर थांबलं की दृश्य मरतं. व्हिंझच्या डोळ्यांत त्या क्षणी जे येतं ते मी दर वेळी बघतो. चित्रपटभर हा पोरगा आरशासमोर उभा राहून अमेरिकन सिनेमातल्या बंदूकवाल्याची नक्कल करतो, दात विचकतो, फुशारक्या मारतो. गायीसमोर तो नुसता बघत राहतो, तोंड उघडं टाकून. कुणी पाहत नसतं म्हणून.

संडासातला तो म्हातारा कोण आणि तो ती गोष्ट का सांगतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. म्हातारा निघून गेल्यावर सईदही हेच विचारत राहतो, 'त्याने आपल्याला हे का सांगितलं?' त्याला कुणी उत्तर देत नाही. म्हणून माझंही उत्तर चालवून घ्यावं.

पॅरिसच्या एका सार्वजनिक शौचालयात व्हिंझ आणि यूबेर भांडताहेत: पोलीस मारावा की मारू नये. भिंतभर आरसे, त्यामुळे तीन पोरांची सहा झालेली. इतक्यात आतून पाण्याचा आवाज येतो, दार उघडतं आणि एक बुटका, नीटनेटका म्हातारा बाहेर येतो. पोट मोकळं झाल्याचा आनंद जाहीर करतो, हात धुतो आणि देवावरून सुरुवात करून ग्रुनवाल्स्की नावाच्या आपल्या मित्राची गोष्ट सांगू लागतो.

सैबेरियातल्या श्रमछावणीकडे त्यांना गुरांच्या डब्यांतून नेत होते. गाडी फक्त इंजिनात पाणी भरायला थांबायची. तेवढ्यात सगळ्यांनी उतरून आटपायचं. ग्रुनवाल्स्की फार लाजाळू. सगळे रुळालगत बसले, हा लांब एका झुडपामागे गेला. गाडी सुटली. म्हातारा डब्यातून हात पुढे करतो, ग्रुनवाल्स्की पळत येतो, हात द्यायला जातो तर विजार घसरते. ती वर ओढतो, पुन्हा पळतो, हात पुढे करतो, पुन्हा घसरते. गाडी वेग घेते. मग काय झालं, पोरं विचारतात. काय होणार, ग्रुनवाल्स्की गारठून मेला. नमस्कार करून म्हातारा चालता होतो.

हसू येतं. यायलाच हवं. मग हसू घशात अडकतं.

लाज सोडली असती तर जगला असता, हा एक अर्थ. हात पुढे केलेला होता, पण तो धरायला दोन्ही हात मोकळे नव्हते, हा दुसरा. आणि व्हिंझ ज्यू आहे. घरी आजी आहे. ही गोष्ट खरं तर त्याच्या आजोबांच्या वयाच्या माणसाने, त्यालाच सांगितलेली आहे. बंदूक कमरेला लावून पोलिसाला मारण्याच्या गप्पा करणाऱ्या पोरासमोर, सरकार नावाचं यंत्र माणसांना गुरांच्या डब्यात भरतं तेव्हा काय होतं हे पाहिलेला माणूस उभा आहे. त्याने उपदेश केला असता तर पोरांनी त्याला हाकलला असता. तो विजारीची गोष्ट सांगतो.

आणि काही वेळाने या तिघांचीही गाडी चुकते.

ते रिव्हॉल्व्हर इतकं मोठं का दिसतं?

कारण ते आहेच मोठं, स्मिथ अँड वेसनचं ४४ मॅग्नम. सिनेमातली बंदूक. व्हिंझच्या हातात ते पोराने बापाचे बूट घातल्यासारखं दिसतं. ज्याच्याकडे ते असतं त्याला वाटतं की आपलं ऐकलं जाईल. रात्री गल्लीत एक टाळकं मुंडवलेला नाझीवादी गुंड त्याच्या तावडीत सापडतो (ती भूमिका कासोव्हित्झ यांनी स्वतः केली आहे), यूबेर उलट डिवचतो, 'मार ना, मार'. व्हिंझला गोळी झाडता येत नाही. त्याला उलटी होते. पहाटे तो रिव्हॉल्व्हर यूबेरच्या हातात देऊन टाकतो, आणि मिनिटाभरात मरतो.

फलकावर सईद काय बदलतो?

जाहिरातीवर लिहिलंय, 'जग तुमचं आहे'. सईद रंगाच्या डब्याने एक अक्षर बदलतो, 'व्हू'चं 'नू' होतं: 'जग आपलं आहे'. हे वाक्य मुळात अमेरिकन गुंडपटांतून आलेलं आहे. मराठीत गंमत अशी की 'आपलं' म्हटल्यावर ऐकणाराही त्यात येतो, आणि 'आमचं' म्हटलं तर तो बाहेर राहतो. फ्रेंचमध्ये दोन्ही एकच. सईदला कुठलं म्हणायचं होतं? मी 'आपलं' लिहिलंय खरं, पण खात्री देत नाही.

पत्रकारांवर ती पोरं एवढी का चिडतात?

टीव्हीची बाई गाडीतून खाली न उतरता वरूनच विचारते, तुम्ही दंगलीत होता का, काही फोडलंत का? यूबेर म्हणतो, हे काय त्वारी आहे का? त्वारी हे त्याच जिल्ह्यातलं प्राणिसंग्रहालय, तिथे गाडीत बसूनच प्राणी बघायचे असतात. फ्रेंच प्रेक्षक लगेच हसतो, आपल्याला कुणीतरी सांगावं लागतं. त्या दृश्यात कॅमेरा कुठे आहे ते जरूर बघा: पत्रकार वर, पोरं खाली.

खिडकीत गाणं लावणारा तो कोण?

डीजे कट किलर, खराच डीजे. स्पीकर खिडकीकडे तोंड करून ठेवतो आणि पोलिसांना शिव्या देणाऱ्या रॅपमध्ये एदित पिआफचं जुनं, 'मला कशाचीच खंत नाही' असं सांगणारं गाणं मिसळतो. कॅमेरा खिडकीतून निघून वसाहतीवर उडतो. ड्रोन नव्हते, दूरनियंत्रकावर चालणारं छोटं हेलिकॉप्टर वापरलं होतं. त्या एका मिनिटापुरतं कुणालातरी ती वसाहत वरून, आणि प्रेमाने बघता येते. खाली एक पोरगं मान वर करून ऐकतंय एवढंच.

हे खऱ्या घटनेवर आधारलेलं आहे का?

एका घटनेतून सुरू झालेलं आहे. ६ एप्रिल १९९३ रोजी पॅरिसच्या अठराव्या विभागातल्या पोलीस चौकीत माकोमे म'बोवोले हा सतरा वर्षांचा मुलगा चौकशीदरम्यान पोलिसाच्या गोळीने, डोक्याला लागून, मेला. अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की फक्त घाबरवायचं होतं, गोळी चुकून सुटली. कासोव्हित्झ यांनी त्याच दिवशी लिहायला घेतलं. त्याच्याही आधी, डिसेंबर १९८६ मध्ये, विद्यार्थ्यांच्या आंदोलनाच्या रात्री मालिक उसेकिन हा बावीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला होता, आणि ती आठवणही चित्रपटामागे आहे.

हे माहीत असलं की शेवट वेगळा दिसतो. साध्या वेशातला पोलीस व्हिंझच्या डोक्याला बंदूक लावून त्याची थट्टा करतो आणि गोळी सुटते. 'चुकून'.

एक ज्यू, एक काळा, एक अरब. जरा जमवल्यासारखं नाही वाटत?

वाटतं. त्या काळी फ्रान्समध्ये 'काळा-गोरा-अरब' ही तिहेरी घोषणा चलनात होती, झेंड्याच्या तीन रंगांवर बेतलेली. चित्रपटाने ती उचलली. बचाव इतकाच की या तिघांना वेगळं पाडणारी गोष्ट धर्म नाही, स्वभाव आहे. यूबेर बॉक्सर आहे. धावपळ करून मिळवलेली त्याची व्यायामशाळा याच दंगलीत जळून खाक झाली. व्हिंझला दंगल म्हणजे पराक्रम वाटतो. सईद दोघांच्या मध्ये बडबडत राहतो. नटांची पहिली नावंही भूमिकांसारखीच: व्हाँसाँ कासेल, यूबेर कुंदे, सईद तगमावी.

बायका कुठे आहेत?

जवळजवळ नाहीत. आई, आजी, बहीण, आणि चित्रप्रदर्शनात सईदने पिसाळवलेल्या दोन मुली. ही त्रुटीच आहे, तिला 'पुरुषी जगाचं चित्रण' वगैरे म्हणून झाकू नये. वसाहतीतल्या निम्म्या लोकांचा दिवस आपल्याला दिसतच नाही.

दिग्दर्शक स्वतः त्या वस्तीतला होता का?

नाही. पॅरिसमध्ये, सिनेमावाल्या घरात वाढला. वडील पीटर कासोव्हित्झ हंगेरीहून आलेले दिग्दर्शक. यावरून तेव्हाही टीका झाली, अजूनही होते. बाहेरच्याने आत येऊन केलेला चित्रपट आहे, आणि तो ते लपवत नाही असं मला वाटतं. बाहेरच्याचं कुतूहल त्यात आहे, मोहही आहे.

भाषा काहीच कळली नाही. फ्रेंच शिकूनही!

कारण ती पोरं शब्द उलटे बोलतात. या बोलीला 'व्हेर्लाँ' म्हणतात. 'फाम' म्हणजे बाई, तिचं 'मफ'. पोलिसासाठी 'फ्लिक', त्याचं 'कफ'. 'सिते'चं 'तेसी'. आपण शाळेत 'च'ची भाषा बोलायचो, 'कुठे'चं 'चठेकु', तिची ही मोठी, रस्त्यावरची बहीण. आपण ती आठवीत सोडून दिली, त्यांनी तिच्यात शिव्या, प्रेम, धंदा सगळं बसवलं, आणि त्यातले कित्येक शब्द आता फ्रेंच शब्दकोशांत आहेत.

चित्रपट आल्यावर काय झालं?

कान महोत्सवात १९९५ चा सर्वोत्तम दिग्दर्शनाचा पुरस्कार. बंदोबस्तावरच्या पोलिसांनी चमूकडे पाठ फिरवली, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. फ्रान्समध्ये वीस लाखांच्या आसपास तिकिटं विकली गेली, पंतप्रधान आलें झ्युपे यांनी मंत्र्यांसाठी खास खेळ लावला, पुढच्या वर्षी सेझार या फ्रान्सच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्तम चित्रपट ठरला. ऑक्टोबर २००५ मध्ये क्लिशी-सू-ब्वा इथे पोलिसांपासून पळताना दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात शिरून मेली आणि देशभर दंगली पेटल्या, तेव्हा सगळ्यांना हाच चित्रपट आठवला. २०२४ मध्ये त्याचा संगीतमय रंगमंचीय प्रयोग आला. उपशीर्षक होतं, 'इथवर काहीच बदललेलं नाही'.

आयफेल टॉवरचे दिवे खरंच विझतात का?

विझतात, पण या तिघांनी चुटकी वाजवल्यावर नाही. 'असं फक्त सिनेमात होतं' असं म्हणत ते पाठ फिरवतात, आणि मग दिवे विझतात. ते बघायला आपणच उरतो.

शेवटची गोळी कुणी झाडली?

व्हिंझ मरून पडलाय. यूबेर आणि तो पोलीस एकमेकांच्या डोक्याला बंदूक लावून उभे. कॅमेरा त्यांना सोडून सईदच्या चेहऱ्याकडे सरकतो. सईद डोळे मिटतो. आवाज येतो. अंधार.

एक किंवा दुसरा किंवा दोघं. पडद्यावर पुरावा नाही आणि ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकूनही मिळत नाही, आम्ही करून पाहिलंय. सईद मात्र सुरुवातीलाही पहिल्यांदा दिसतो तो मिटल्या डोळ्यांनीच, आणि मग डोळे उघडतो. समोर पोलिसांची रांग असते.

दुसऱ्यांदा पाहताना कशावर लक्ष ठेवू?

यूबेरच्या घरच्या दृश्यावर. तो स्वयंपाकघरात आईशी बोलतोय. भाऊ तुरुंगात आहे, पैशांची ओढाताण आहे. तो म्हणतो, मला या जागेतून निघायचंय, मला इथून जायचंय. आई हातातलं काम न थांबवता म्हणते, वाटेत भाजीवाला दिसला तर सॅलडचा एक गड्डा घेऊन ये.